सातबाऱ्यावरचं नाव

घरात कुणाचा तरी पासपोर्ट असेल, तो कपाटातून बाहेर काढा. पुठ्ठा उलटला की आत एक छोटासा मजकूर दिसेल. त्यात एक विनंती आहे: हा पासपोर्ट बाळगणाऱ्याला विनाअडथळा जाऊ द्यावं, आणि गरज पडलीच तर त्याला मदत व संरक्षण द्यावं. विनंती कुणाला? जगातल्या झाडून सगळ्या संबंधितांना! आणि ती करतंय कोण? पंतप्रधान? परराष्ट्रमंत्री? नाही. ती विनंती केली आहे भारतीय प्रजासत्ताकाच्या राष्ट्रपतींच्या नावाने.

आता मुंबईत या. माझगाव डॉक ही युद्धनौका आणि पाणबुड्या बांधणारी सरकारी कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. तिच्या भागधारकांची यादी पाहिलीत तर सगळ्यांत मोठा भागधारक कोण दिसतो? ‘भारताचे राष्ट्रपती’! तिथून रेल्वेकडे वळा. पुलाचं कंत्राट असो की डब्यांची खरेदी, करारात एका बाजूला ठेकेदार आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा तेच नाव. राज्यघटनेचं कलम २९९ सांगतं की केंद्र सरकारचा प्रत्येक करार राष्ट्रपतींच्या नावानेच व्हायला हवा. आणि लगेच पुढे हेही सांगतं की त्या करारांची वैयक्तिक जबाबदारी मात्र राष्ट्रपतींवर नाही.

म्हणजे बघा, एकच नाव एकाच वेळी पासपोर्टवर, पाणबुडीच्या कारखान्यावर आणि रेल्वेच्या कागदावर! आणि ही तर नुसती सुरुवात आहे. तिन्ही सैन्यदलांचं सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींकडे. पंतप्रधानांची नेमणूक त्यांनी करायची. लोकसभा विसर्जित त्यांच्या आदेशाने होते. त्यांच्या सहीवाचून संसदेचं कुठलंही विधेयक कायदा होत नाही. संसद बसलेली नसताना वटहुकूम त्यांच्या नावाने निघतो. फाशीची शिक्षा माफ करण्याचा अधिकारही त्यांचाच. हे सगळं एका दमात वाचलं की वाटतं, एवढी सत्ता तर एखाद्या सम्राटाकडेही नसेल!

मग आपण निवडणुकीच्या दिवसांत चौकाचौकात पंतप्रधान कोण होणार यावर का भांडतो? राष्ट्रपती कोण होणार यावर का नाही?

गावाकडच्या माणसाला याचं उत्तर चटकन कळेल. सातबाऱ्यावर नाव एकाचं असतं, जमीन कसतो दुसरा. नांगर त्याच्या हातात, पेरायचं काय ते तो ठरवतो, पाऊस हुकला तर बोलणीही त्यालाच खावी लागतात. पण उतारा काढायला गेलात की नाव मालकाचंच निघतं. भारताच्या सत्तेचा सातबारा राष्ट्रपतींच्या नावे आहे आणि ती जमीन मंत्रिमंडळ कसतं. ही विभागणी कुणाच्या डोक्यातून निघाली, आणि ती पाऊणशे वर्षं टिकली कशी?

४ नोव्हेंबर १९४८. घटना समितीपुढे राज्यघटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर नेमकं हेच समजावून सांगत होते. आपल्या प्रमुखाचं इंग्रजी नाव अमेरिकेच्या अध्यक्षाशी जुळतं, पण साम्य तिथेच संपतं. आपल्या राष्ट्रपतीची जागा इंग्लंडच्या राजासारखी आहे. तो राष्ट्राचा प्रमुख आहे, कारभाराचा नाही. तो राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतो, राष्ट्रावर राज्य करत नाही. राष्ट्राचे निर्णय ज्या शिक्क्याने जाहीर होतात, तो शिक्का म्हणजे राष्ट्रपती, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

पण थांबा. नुकताच ज्या देशाने इंग्रजांचा राजा झुगारला, पाचशेहून अधिक संस्थानं ज्याने सामावून घेतली, त्याला राजासारखी खुर्ची ठेवायचीच कशाला? कारण सरकारं येतात आणि जातात. आजचा पंतप्रधान उद्या बहुमत गमावतो. आणि सरकार पडलं त्या क्षणापासून नवं सरकार येईपर्यंत ‘देश’ म्हणून सही कोण करणार? कुणीतरी असा हवा की जो कुठल्याच पक्षाबरोबर पडत नाही. राजाचं हे काम आपल्याला हवं होतं, राजाचं घराणं मात्र नको होतं. म्हणून आपण दर पाच वर्षांनी राजा निवडायचं ठरवलं. आणि त्याने घटनेचा भंग केला तर महाभियोग चालवून त्याला घरी पाठवायची सोयही ठेवली. ती वेळ मात्र अजून एकदाही आलेली नाही.

२६ जानेवारी १९५० ची सकाळ. दिल्लीत व्हाइसरॉयच्या जुन्या वाड्यातला दरबार हॉल. सकाळी १० वाजून १८ मिनिटांनी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी भारत प्रजासत्ताक झाल्याची घोषणा वाचली. त्या क्षणी इंग्लंडच्या सहाव्या जॉर्जचं आपल्यावरचं कागदोपत्री राजेपण संपलं. १० वाजून २४ मिनिटांनी सरन्यायाधीश हरिलाल कनिया यांनी डॉ. राजेंद्र प्रसाद यांना शपथ दिली. मधली ती सहा मिनिटं डोळ्यांसमोर आणा! राजा गेलेला आहे, राष्ट्रपती अजून यायचे आहेत, आणि मध्ये आहे फक्त एक राज्यघटना. मग ३१ तोफांची सलामी झाली आणि सातबाऱ्यावर नवं नाव चढलं.

हे नाव ठरवायचं कसं, हे कोडं खरं डोकं खाणारं होतं. थेट जनतेने मतदान करून राष्ट्रपती निवडला असता तर? ज्याला कोट्यवधी माणसांनी निवडून दिलं तो नुसता शिक्का होऊन कसा बसेल? मंत्रिमंडळाशी त्याची रोज जुंपली असती. मग एकट्या संसदेने निवडावा का? तसं केलं तर तो दिल्लीतल्या बहुमताचा माणूस होणार, राज्यांचा त्याच्याशी काय संबंध उरणार? यावर घटनाकारांनी जी युक्ती काढली, तिचं गणित आजही बघण्यासारखं आहे.

लोकसभा आणि राज्यसभेतले निवडून आलेले खासदार, आणि सगळ्या विधानसभांमधले निवडून आलेले आमदार, अशा सगळ्यांनी मिळून मतदान करायचं. ‘निवडून आलेले’ हा शब्द इथे महत्त्वाचा. २००२ च्या निवडणुकीच्या वेळी लता मंगेशकर राज्यसभेच्या सदस्य होत्या, पण राष्ट्रपतींनी नामनिर्देशित केलेल्या. म्हणून त्यांना या निवडणुकीत मत नव्हतं. ज्यांना राष्ट्रपती नेमतात, त्यांनी राष्ट्रपती निवडायचा नाही. किती स्वच्छ नियम!

आता गंमत पुढे आहे. इथे प्रत्येक मताचं वजन वेगळं. राज्याची लोकसंख्या घ्या, आमदारांच्या संख्येने भागा, आलेल्या उत्तराला हजाराने भागा. महाराष्ट्राचं करून पाहू. १९७१ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या होती ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५. तिला २८८ ने भागलं आणि मग हजाराने भागलं की येतात १७५. म्हणजे आपल्या आमदाराचं एक मत १७५ मतांच्या तोलाचं. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८, गोव्याच्या आमदाराचं २०, आणि सिक्कीमच्या आमदाराचं फक्त ७. धान्यबाजारात पोती किती आली हे मोजत नाहीत, वजन करतात. तसाच हा काटा.

पण जनगणना १९७१ चीच का? त्यानंतर तर कितीतरी लोकसंख्या वाढली! कारण ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं, त्यांचं वजन त्यामुळेच घटलं असतं. चांगलं काम केल्याची शिक्षा मिळू नये म्हणून आकडा तिथेच गोठवला गेला.

खासदारांच्या मताचं काय? सगळ्या राज्यांच्या आमदारांच्या मतांची बेरीज करा आणि ती खासदारांच्या संख्येत समान वाटून टाका. २०२२ साली आमदारांच्या मतांचं एकूण मूल्य होतं ५,४३,२३१. खासदार ७७६. भागाकार आला ७००. म्हणजे सगळ्या खासदारांची मिळून मतं झाली ५,४३,२००. दोन्ही पारडी पुन्हा एकदा बघा. जवळपास अकरा लाखांच्या मोजणीत केंद्र आणि राज्यं यांच्यात फरक किती? फक्त ३१! राष्ट्रपती दिल्लीचा जितका, तितकाच गल्लीचाही असावा, हे घटनेने नुसतं म्हटलेलं नाही, तराजूत तोलून दाखवलं आहे. हा तराजू नाजूकही किती! २०१७ साली खासदाराचं मत ७०८ चं होतं. २०२२ साली जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नव्हती, तर केरळपासून आसामपर्यंत देशातल्या प्रत्येक खासदाराचं मत आठाने हलकं झालं.

मतपत्रिका खासदारांना हिरवी, आमदारांना गुलाबी. पक्षचिन्ह नाही, आणि कुठल्याही पक्षाला व्हिप काढता येत नाही. मतदान संपलं की राज्याराज्यांतून पेट्या विमानाने दिल्लीला जातात, त्यासुद्धा सामानाच्या कप्प्यातून नव्हे. पेटीसाठी ‘मिस्टर बॅलट बॉक्स’ या नावाने वेगळं तिकीट काढलेलं असतं आणि अधिकाऱ्याशेजारच्या सीटवर बसून ती प्रवास करते! देशाच्या पहिल्या नागरिकाची निवड ज्या पेटीत बंद आहे, तिला प्रवाशाचा मान मिळतो.

मतदार नुसती फुली मारत नाही. पहिली पसंती कुणाला, दुसरी कुणाला, तिसरी कुणाला, असे क्रमांक लिहितो. दुसऱ्या पसंतीला किंमत ती काय, असं वाटतं ना? मग १९६९ सालात चला.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचं पदावर असतानाच निधन झालं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी सूत्रं हाती घेतली. १९ जुलैला बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम त्यांच्याच सहीने निघाला, आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी त्यांनी राजीनामा दिला. आता ना राष्ट्रपती, ना उपराष्ट्रपती! कोण बसणार खुर्चीवर? सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला बसले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेला, नागपूरच्या उच्च न्यायालयात वकिली करून तिथलाच मुख्य न्यायाधीश झालेला हा माणूस पाच आठवडे देशाचा हंगामी राष्ट्रपती होता. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत आले, तेव्हा यजमान म्हणून तेच उभे होते.

रिंगणात अपक्ष गिरी, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून बाहेर पडलेले. पंतप्रधान इंदिरा गांधींनी आपल्याच पक्षाच्या लोकांना सदसद्विवेकबुद्धीने मत द्या असं सांगितलं आणि लढत पेटली.

पहिली पसंती मोजली. गिरी ४,०१,५१५. रेड्डी ३,१३,५४८. देशमुख १,१२,७६९. जिंकायला हवी होती ४,१८,१६९ मतं. कुणीच पोचलं नव्हतं! मग तळातला एकेक उमेदवार बाद होत गेला आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती ज्याची त्याच्या पदरात पडत गेली. शेवटी देशमुखही बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिका वाटल्या गेल्या. या सगळ्या वाटपांत मिळून रेड्डींना तब्बल ९१,८७९ मतं मिळाली. गिरींना फक्त १८,५६२. पण तेवढी पुरली! गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. हव्या होत्या त्यापेक्षा जेमतेम १,९०८ मतं जास्त. देशाचा राष्ट्रपती दुसऱ्या पसंतीने ठरला. असं आजवर पुन्हा कधी झालेलं नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्याच्या हातात नांगरच नाही, त्या मालकासाठी एवढा तराजू, एवढं गणित कशाला?

एसटीतली ती खिडकी आठवा. ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग.’ वर्षानुवर्षं तिला कुणी हात लावत नाही. पण ती नाही म्हटलं तर त्या गाडीत तुम्ही लेकराबाळांना घेऊन बसाल का? राष्ट्रपतिपद ही आपल्या घटनेतली तशी खिडकी आहे.

ती किती उघडते, हेच मुळात सुरुवातीला स्पष्ट नव्हतं. राष्ट्रपतींना साहाय्य व सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल, एवढंच घटनेत लिहिलं होतं. तो सल्ला पाळलाच पाहिजे, असा शब्द नव्हता! हिंदू कोड बिलाच्या वेळी राजेंद्रबाबूंनी हा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांनी सल्ला बंधनकारक असल्याचं मत दिलं. कागदावर ते आलं थेट १९७६ साली, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने. तोवर सव्वीस वर्षं एवढा मोठा देश या बाबतीत घटनेत न लिहिलेल्या नियमावर चालला होता!

आणि त्याच सुमारास खिडकी न उघडल्याची किंमतही आपण मोजत होतो. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद यांची सही झाली. मंत्रिमंडळाला विचारलेलंच नव्हतं, त्याला हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. एका सहीने हजारो माणसं तुरुंगात गेली. शिक्का केवढा जड असू शकतो, हे त्या रात्री कळलं. त्यातून देश शिकला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने दोन कड्या बसवल्या: आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा, आणि राष्ट्रपती कुठलाही सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. पुन्हा तोच सल्ला आला तर मात्र मानायचा.

एकदाच परत पाठवायचं, त्याने काय होणार? १९९७ साली उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस तेव्हाचे राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी परत पाठवली. पंतप्रधान गुजराल यांच्या मंत्रिमंडळाने फेरविचार केला आणि शिफारस मागे घेतली. ‘पुन्हा एकदा बघा’, एवढं सांगितल्याने एका राज्याचं सरकार वाचलं. २००६ साली राष्ट्रपती डॉ. कलाम यांनी लाभाच्या पदांबद्दलचं विधेयक परत केलं. संसदेने ते जसंच्या तसं पुन्हा मंजूर केलं आणि कलामांनी सही केली. ते हरले का? अजिबात नाही. सारा देश त्या विधेयकावर बोलला, हेच त्या परत पाठवण्याचं काम होतं.

आणि सगळ्यांत नवलाचं हत्यार म्हणजे काहीच न करणं! लोकांची टपालातली पत्रं अडवून फोडण्याचा अधिकार सरकारला देणारं टपाल विधेयक १९८६ साली संसदेने मंजूर केलं आणि राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्याकडे सहीला पाठवलं. सही किती दिवसांत करायची, याची मुदत घटनेत दिलेलीच नाही. झैलसिंगांनी सही केली नाही, नकार दिला नाही, परतही पाठवलं नाही. नुसतं ठेवून दिलं. ते विधेयक कधीच कायदा झालं नाही. तुमच्याआमच्या पाकिटांची राखण एका मिटलेल्या पेनाने केली!

या पदाच्या नावातही एक गोष्ट दडलेली आहे. २००७ साली जळगावच्या प्रतिभाताई पाटील देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या, तेव्हा घरोघरी प्रश्न पडला: बाई असेल तर राष्ट्र‘पती’ कसं म्हणायचं? पण मराठी माणसाला खरं तर हा प्रश्न पडायला नको. सेनापती, गणपती, छत्रपती हे शब्द आपण रोज उच्चारतो. तिथे ‘पती’ म्हणजे पालन करणारा, सांभाळणारा. सांभाळण्याचं काम बाईला कुणी नव्याने शिकवायचं? २५ नोव्हेंबर २००९ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून चौऱ्याहत्तर वर्षांच्या प्रतिभाताई हवाई दलाचा पेहराव घालून सुखोई विमानातून आकाशात झेपावल्या. तिन्ही दलांच्या सर्वोच्च सेनापती हे कागदावरचे शब्द त्या दिवशी पुणेकरांच्या डोक्यावरून गर्जत गेले.

शेवटचं नवल. २५ जुलै ही तारीख. १९७७ पासून द्रौपदी मुर्मूंपर्यंत दहा राष्ट्रपतींनी याच तारखेला शपथ घेतली. घटनेत ही तारीख कुठेही नाही. फेब्रुवारी १९७७ मध्ये फख्रुद्दीन अली अहमद पदावर असताना वारले, निवडणूक झाली, संजीव रेड्डींनी २५ जुलैला शपथ घेतली, आणि तेव्हापासून पायउतार झालेल्या प्रत्येकाने पाच वर्षं पुरी केली. ती तारीख नियमाने टिकलेली नाही. दर वेळी कुणीतरी वेळेवर उठून जागा रिकामी करत आलं, म्हणून टिकली.

आणि ते उठणं एकदा जरूर बघा. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात मावळते आणि नवे राष्ट्रपती शेजारी शेजारी बसतात. सरन्यायाधीश शपथ देतात. मग दोघं उभे राहतात आणि आपापसात खुर्च्या बदलतात. क्षणभराचं काम. जे उठले ते आता आपल्यासारखेच एक नागरिक. त्याच क्षणी सैन्याचे सेनापती बदललेले असतात, माझगाव डॉकचे भागधारक बदललेले असतात, रेल्वेच्या हजारो करारांतला पक्षकार बदललेला असतो. आणि तरी एकाही कागदावर खाडाखोड करावी लागत नाही. सातबाऱ्यावर व्यक्तीचं नाव कधी लिहिलेलंच नव्हतं, पदाचं होतं. त्या पदाआड उभे आहोत ते आपण सगळे.

आता तो पासपोर्ट परत कपाटात ठेवा. ठेवण्याआधी ती विनंती तेवढी पुन्हा एकदा वाचा.